मैदानाचा तास मोडू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत वाहक आहे, बावीस वर्षं झाली. राहणार दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात. साडेतीन एकर कोरडवाहू वावर आहे, पण घर चालतं ते पगारावर. पेपरात पत्र आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. विषय लेकरांच्या डोळ्यांचा आणि त्यासाठी लागणाऱ्या शाळेतल्या मैदानाच्या तासाचा आहे आणि शाळा उघडायच्या आत तो लोकांच्या कानावर जावा, म्हणून शेवटची फेरी करून आल्यावर लिहायला बसलो.

साडेतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, पऱ्हाटी फुटली होती. माझी थोरली तेव्हा तिसरीत. तिला घेऊन यवतमाळला मेव्हण्याकडे निघालो होतो, फाट्यावर उभे होतो. दुरून गाडी येताना दिसली. पिशवी उचलता उचलता मी तिला म्हटलं, "पाह्य वं, कोनती पाटी हाये?" ती डोळे बारीक करून पाहत राहिली. गाडी जवळ आली, आणखी जवळ आली, तरी पोरगी गप्प. माझं डोकं फिरलं. वाहकाची पोरगी, तिसरीत गेलेली, आणि तिला 'यवतमाळ' वाचता येऊ नये? चारचौघांत ओरडलो तिच्यावर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "वाचता येते बाबा. पन अक्षरं जवळ आल्यावरच उघडतेत."

त्या दिवशी गाडीत ती खिडकीशी बसली होती आणि मी तिच्याशी यवतमाळपर्यंत बोलू शकलो नाही. कारण मग एकेक गोष्ट आठवू लागली. टीव्हीपुढे नाक लावून बसायची, आम्ही तिला मागे ओढायचो. फळ्यावरचं अर्धवट उतरवते, लक्ष नसतं, अशी बाईंची तक्रार होती. तोंडी विचारलं तर सगळं यायचं, लिहून आणलेलं मात्र अर्धं असायचं, आणि उरलेलं शेजारणीच्या वहीत पाहून. एवढ्या खुणा समोर असताना आम्ही तिला आळशी ठरवून मोकळे झालो होतो.

कोणी म्हणेल, शाळेत डोळे तपासतात ना. तपासतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं. तिच्या शाळेतही त्याच वर्षी पथक येऊन गेलं होतं आणि तिची नजर चांगली असल्याची नोंद झाली होती. कसं काय, असं तिला नंतर विचारलं. तर पोरगी सांगते, ती रांगेत बरीच मागे होती. पुढच्या प्रत्येकाने तक्त्यावरची तीच अक्षरं त्याच क्रमाने मोठ्याने म्हटली. हिचा नंबर येईपर्यंत सगळा तक्ता पाठ. तिने फसवलं नाही, तिला वाटलं पाढ्यासारखं म्हणूनच दाखवायचं असतं. पथकाला मी दोष देत नाही, एका दिवसात त्यांच्यापुढे दीडदोनशे लेकरं उभी असतात. पण गुरुजनांना एवढं सांगावंसं वाटतं की तपासणी चालू असताना रांग दाराबाहेर ठेवा. एका वेळी एक डोळा तळव्याने झाका, डोळा दाबू देऊ नका. अक्षरं कधी उजवीकडून विचारा, कधी मधूनच. तक्त्यापासून सहा मीटर म्हणजे वीस फूट अंतर लागतं, ओसरीत खडूची रेघ मारून ठेवली की वर्षभर कधीही तपासता येतं. त्यासाठी पथकाची वाट पाहायला नको.

त्यानंतर आम्ही जी चूक केली ती सांगायला जड जातं, पण ती घरोघरी होते म्हणून सांगतो. बाजाराच्या दिवशी तालुक्याला एका चष्म्याच्या दुकानात नेलं. मशीनवर डोळा लावला, नंबर निघाला मायनस सव्वा. दुकानदार म्हणाला, लहान आहे, एकदम पूर्ण नंबर नको, पाऊणचा देऊ, म्हणजे डोळ्याला सवय लागणार नाही आणि नंबर तिथेच थांबेल. आम्हाला पटलं. घरी आई म्हणाली, "पोरीच्या जातीले चष्मा? उद्या कोन करीन तिले?" तेही ऐकून घेतलं. लग्नकार्यात, फोटोत, पाहुणे आले की चष्मा काढून ठेवायचा. चष्मा जितका कमी लावू तितका नंबर कमी राहील, अशी आमची पक्की समजूत.

चौथीच्या शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आधी डोळ्यात औषध घातलं, बाहुली मोठी होऊ दिली आणि मग तपासलं. औषध न घालता लहान मुलांचा नंबर काढला तर तो चुकू शकतो, कारण मूल डोळ्यावर ताण देऊन बघतं आणि मायनस जास्त निघतो. तरीही नंबर निघाला मायनस सव्वादोन. कमी नंबर देण्याच्या सल्ल्याबद्दल सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. मलेशियात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिला होता, त्याचा निष्कर्ष २००२ साली छापून आला. त्या मुलांचा नंबर पूर्ण चष्मा लावणाऱ्यांपेक्षा उलट जास्त वाढला.

मी त्यांना विचारलं, हा नंबर वाढतो म्हणजे नेमकं काय वाढतं? त्यांनी फार सोपं करून सांगितलं. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण सोळा-सतरा मिलिमीटर असतो. वाढत वाढत तो तेवीस-चोवीसवर थांबायला हवा. काही मुलांचा थांबत नाही, लांबतच जातो. मग बाहेरचं चित्र डोळ्याच्या पडद्यावर पडायच्या ऐवजी अलीकडेच पडतं आणि लांबचं धूसर दिसतं. एक मिलिमीटर जास्त लांबला की नंबर अंदाजे अडीच ते तीनने चढतो. माझ्या खिशात चिल्लर होती. रुपयाचं नाणं काढून मी त्याची कड पाहिली. ती मिलिमीटरपेक्षा जाडच असते. एवढ्याशा वाढीने माझ्या पोरीला पाटी दिसेनाशी झाली होती. आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्मा लावा, गाजर खा, मध घाला, काहीही करा. (गाजर, पपई, शेवग्याचा पाला जरूर खाऊ घाला, रातांधळेपणा टळतो. मायनस नंबरवर त्याचा इलाज नाही.)

चष्मा लावला की झालं, एवढ्यात काय मोठं, असंही लोक म्हणतात. नंबर सहाच्या पुढे गेला की पुढच्या आयुष्यात पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याचा मधला भाग झिजणं, यांचा धोका वाढतो. आणि जितक्या लहान वयात नंबर लागतो तितकी त्याला वाढायला वर्षं जास्त मिळतात. आठव्या वर्षी चष्मा लागलेल्या पोरीला सोळा-सतरापर्यंत मोठी मजल असते. म्हणून दर एक नंबर अडवणं मोलाचं आहे.

डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी बोलावलं होतं. आम्ही वर्षभर गेलो नाही. पाचवीचं वर्ष, नवोदयची परीक्षा. तालुक्याच्या खासगी शाळेत तिला घातलं होतं. सकाळी साडेसहाला शिकवणी, मग घाईत आंघोळ-जेवण, साडेनऊला ऑटो, पाचपर्यंत शाळा, तिथूनच नवोदयचा वर्ग, घरी येईस्तोवर दिवेलागण. वेळापत्रकात आठवड्याला दोन तास मैदान होतं, पण परीक्षा जवळ आली म्हणून ते दोन्ही तास बुद्धिमत्ता चाचणीच्या सरावाला दिले गेले. मी स्वतः पालक सभेत त्याला हात उंचावून संमती दिली होती, हे इथे लिहितो. परीक्षा झाल्यावर डॉक्टरकडे गेलो. मायनस सव्वातीन.

त्यांनी पहिला प्रश्न मोबाइलचा विचारला नाही. विचारलं, "ही दिवसाच्या उजेडात, छताबाहेर, किती वेळ असते?" मी बोटांवर मोजलं. घरापासून ऑटोपर्यंत, ऑटोपासून वर्गापर्यंत, मधली सुट्टी तर व्हरांड्यात. पंचवीस मिनिटांच्या वर हिशेब जाईना. खेड्यातली पोरगी, चहूबाजूंनी वावरं, आणि उजेड पंचवीस मिनिटं.

उजेडाचा आणि नंबरचा संबंध काय, हे मला तेव्हाच कळलं, आणि या पत्राचं कारण तेच आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज फक्त ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानात घ्यायचा, बाकी काही बदल नाही. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत शंभरातल्या साधारण चाळीस मुलांना मायनस नंबर लागला, जादा मैदान मिळालेल्यांत तीसजणांना. औषध नाही, खर्च नाही, चाळीस मिनिटं मैदान. तैवानने २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रम हाती घेतला आणि तिथे वर्षानुवर्षं चढत गेलेला कमजोर नजरेच्या मुलांचा आकडा उतरू लागला. लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचं द्रव्य जास्त सुटतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं शास्त्रज्ञ मानतात. बाहेर खेळताना नजर लांब जाते हा मुद्दा आहेच, पण जोर उजेडावर आहे. सभागृहात बंद दाराआड खो-खो घेतला तर तो फायदा मिळेल असं नाही.

माझ्या भाच्याने फोनवर उजेड मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं. फोनचं माप काटेकोर नसतं हे मला माहीत आहे, तरी मी गावच्या शाळेत सकाळी आठला मोजून आलो. वर्गात दोन खिडक्या, त्यातली एक माकडांच्या त्रासाने कायमची बंद केलेली. मागच्या बाकावर आकडा दीडशेच्या आसपास. बाहेर निंबाच्या सावलीत सहा हजारांच्या वर. उघड्या मैदानात चाळीस हजारांच्या पुढे. वर्गात आपल्याला छान दिसतं, म्हणून पुरेसा उजेड आहे असं वाटतं. आपला डोळा सवय करून घेतो आणि फरक कळू देत नाही.

आता विदर्भातला माणूस लगेच म्हणेल, आमच्याकडे ऊन काय असतं ते त्या डॉक्टरांना माहीत आहे का? खरं आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना दुपारी लेकरू बाहेर सोडणं म्हणजे उष्माघाताला आवतण. पण तसं करायची गरजच नाही. सावलीतला उजेडही वर्गाच्या कित्येक पट असतो हे मी स्वतः मोजलं आहे, आणि तैवानमधल्या शाळांवरच्या अभ्यासातही भर उन्हाशिवाय, झाडाखालच्या उजेडात फायदा दिसला आहे. टोपी घाला, रुमाल बांधा, चालतं. सूर्याकडे पाहायचं नाही, हे तर सांगायलाच नको. उन्हाळ्यात सकाळपाळीच्या शाळेत पहिला तास मैदानाचा घ्या, सात ते आठ. हिवाळ्यात तर आमच्याकडे दिवसभर कोवळं ऊन, पाढे-कविता निंबाखाली बसून का होऊ नयेत? पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर खोलीपेक्षा जास्त उजेड असतो. प्रश्न वेळेचा आहे, आणि वेळ आम्हीच शिकवणीला विकून बसलो आहोत.

थोरलीबद्दल मात्र एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे, नाहीतर लोकांची दिशाभूल होईल. बाहेरच्या उजेडाचा मोठा उपयोग नंबर लागण्याआधी आहे. एकदा लागला की वाढ रोखायला एकट्या मैदानावर भागत नाही. तिला डॉक्टरांनी रोज रात्री झोपताना ॲट्रोपीनचे अगदी सौम्य थेंब सुरू केले. सिंगापूरमध्ये आणि हाँगकाँगमध्ये या थेंबांवर बरंच काम झालं आहे. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्के अशा तीन ताकदी तपासल्या, त्यात ०.०५चा परिणाम सगळ्यांत जास्त दिसला. कुठल्या मुलाला कोणती द्यायची, किती वर्षं द्यायची, कशी बंद करायची, हे डॉक्टरच ठरवतील. हे थेंब चष्मा उतरवत नाहीत, वाढ धीमी करतात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घालू नका, आणि 'चष्मा उतरवणारे थेंब' म्हणून बाजारात जे विकायला येतं त्याच्या नादी तर मुळीच लागू नका. वाढ धीमी करणाऱ्या खास काचा आणि रात्री घालून झोपायच्या लेन्सही निघाल्या आहेत. त्या आमच्या आवाक्याबाहेरच्या म्हणून मी खोलात गेलो नाही.

वर्ष झालं. पूर्ण नंबरचा चष्मा, तो दिवसभर डोळ्यावर, रात्रीचे थेंब, सहा महिन्यांनी तपासणी. मागच्या महिन्यात नंबर निघाला मायनस साडेतीन. वर्षात पाव. आधीच्या वर्षात पूर्ण एक चढला होता. माझी आई आता सकाळी स्वतः तिचा चष्मा पदराने पुसून तिच्या हातात देते.

आणि आता धाकटा. तो यंदा दुसरीत जाईल. बायकोला कॉलेजपासून मायनस चष्मा आहे. आईबापाला असला की मुलांना लागण्याची शक्यता वाढते, म्हणून त्यालाही औषध घालून तपासून आणलं. तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात थोडा प्लस नंबर, म्हणजे मायनसच्या उलटा, डोळा अजून पुरता लांबलेला नसल्याची खूण, शिल्लक असायला हवा. वय वाढतं तशी ती शिल्लक खर्च होते. पहिलीच्या वयात ती पाऊण प्लसच्या खाली गेली असेल तर पुढे मायनस लागण्याची शक्यता जास्त. धाकट्याची अर्धीच उरली आहे. त्याला आज सगळं स्वच्छ दिसतं, फाट्यावरून तो मला येणाऱ्या गाडीची पाटी वाचून दाखवतो. पण त्याची ही दोन-तीन वर्षंच मोलाची आहेत. त्याला थेंब नाहीत, चष्मा नाही. त्याच्यासाठी एकच औषध आहे आणि ते शाळेच्या मैदानात आहे.

दिल्लीतल्या शाळांत २०१५ साली छापलेल्या एका अभ्यासात पाच ते पंधरा वयाच्या शंभरातल्या तेरा मुलांना मायनस नंबर आढळला होता. खेड्यांत प्रमाण कमी असतं, असं आजवर म्हटलं जायचं. पण मी रोज गाडीत पाहतो. अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासवर गावोगावच्या मुली चढतात, खिडकी मिळाली तरी बाहेर कोणी पाहत नाही. वीतभर अंतरावर फोन, मान खाली, तास-तासभर. पास मागितला तर डोळे बारीक करून माझ्याकडे पाहणाऱ्या पोरीही मी हेरू लागलो आहे. दोघींच्या बापांना मी थांब्यावर उतरून सांगितलं. एकाने तपासलं, मुलीला मायनस दोन होता. दुसऱ्याने हसण्यावारी नेलं.

मोबाइल नको म्हणणारा मी कोण, अभ्यासच त्यावर येतो. पण निदान हातभर लांब धरा, कोपरापासून बोटांपर्यंतचं अंतर ठेवा, वीस-एक मिनिटांनी मान वर करून लांबच्या झाडाकडे पाहा, अंथरुणात पडून पाहू नका. पिक्चर पाहायचाच असेल तर फोनपेक्षा लांब ठेवलेला टीव्ही बरा.

माझं मागणं शाळांकडे आणि शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आहे. पालक म्हणून आपण तिथे सदस्य असतो, आपला हात वर जातो तेव्हाच मैदानाचा तास सरावाला जातो. पहिली ते चौथीच्या मुलांना रोज, आठवड्यातून दोनदा नाही, रोज, किमान एक तास छताबाहेर काढा. दोन तासांतला उरलेला तास घरी आपण काढू. चष्म्याचे पैसे नसतील तर अडून बसू नका, अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात शाळकरी मुलांना मोफत चष्मा मिळतो, जिल्हा रुग्णालयात विचारा.

आमच्याकडच्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. वेळापत्रक त्याच आठवड्यात भिंतीवर चिकटतं आणि मग वर्षभर हलत नाही. त्याआधी हे पत्र छापलं तर बरं होईल.

आपला,
एक एसटी वाहक आणि पालक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ